न पोचलेल्यांची वही

मावशींना राग येतो, असं म्हणणं म्हणजे समुद्राला ओल येते असं म्हणण्यासारखं होतं. राग त्यांच्याकडे येत-जात नसे, तिथंच मुक्कामाला होता. सकाळी दुकानाचं शटर वर जाताना जो आवाज व्हायचा त्यातला शटरचा किती आणि मावशींचा किती, हे समोरच्या बसथांब्यावरच्या माणसांना इतक्या वर्षांत सांगता आलं नव्हतं. पाठीमागं त्यांना सगळे ‘भट्टी’ म्हणत. तोंडावर मात्र ‘मावशी’च, कारण दात प्रत्येकालाच प्रिय असतात.

दुकान आठ बाय दहाचं, जोडे दुरुस्तीचं. एका भिंतीला शिवणयंत्र, मधे लोखंडी तिपाई, कोपऱ्यात रबराच्या तुकड्यांचं पोतं, आणि दारातून समोर बघितलं की थांब्याच्या पत्र्यावर टेकल्यासारखा दिसणारा डोंगर. वडिलांनी हा धंदा खरं तर मावशींच्या थोरल्या भावाला शिकवला होता. भावानं तिसऱ्याच दिवशी आरी स्वतःच्या अंगठ्यात घुसवून घेतली आणि तो जो पळाला तो विम्याच्या कचेरीत जाऊनच थांबला. आरी मग मावशींच्या हातात आली. तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या, आता अठ्ठावन्न. एवढ्या काळात डोंगरावर त्या स्वतः पहिल्या वळणापलीकडे गेल्या नव्हत्या. आधी वेळ नव्हता, मग गुडघे नव्हते.

पण गिऱ्हाइकानं जोडा पुढं केला की मावशी तो उलटा करत, सोलावरून अंगठा फिरवत आणि विचारण्याऐवजी सांगत.

“सोंडेच्या वाटेनं गेलात. धापा टाकत गेलात. आणि डावा पाय ओढत उतरलात.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“जोडा बोलतो. तुमच्यापेक्षा खरं बोलतो. आणि असले रंगीबेरंगी जोडे डोंगरावर घालायचे असतात होय? लग्नाला चालला होतात की काय?”

गिऱ्हाईक शिव्या खाऊन, जोडा ठेवून, समाधानानं घरी जाई. काम असं होत असे की तोच जोडा पुन्हा पाच वर्षं शिव्या खायला येत नसे.

त्यांचे यजमान टपालखात्यातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं स्वतः न वाचता पोचवण्याची सवय असल्यामुळे बायकोचं बोलणंही ते मधे न अडवता या कानातून त्या कानात पोचवत. त्यांचं ठरलेलं उत्तर, “असेल, असेल.” या दोन शब्दांवर तो संसार तेहतीस वर्षं चालला होता.

साऱ्या जगात मावशी एकाच माणसावर कधी ओरडल्या नव्हत्या. जावयावर.

जावई डोंगर कार्यालयात मार्ग अधिकारी होते. माणूस वाईट नव्हता. हसतमुख, इस्त्रीचा, खिशाला दोन पेनं, आणि प्रत्येक वाक्याआधी “तसं पाहिलं तर” म्हणणारा. मावशींच्या डोक्यात त्या “तसं पाहिलं तर”नं रोज एक खिळा ठोकला जाई. पण लेक एकुलती एक. लेकीच्या संसारात आपल्या जिभेचं पाऊल नको, म्हणून चौदा वर्षं मावशी त्यांच्यासमोर “हो जावईबापू”, “बरं जावईबापू” करत आल्या होत्या. जावई जेवून गेले की तासभर भांडी आपटत. शेजारच्या बाई त्या आवाजावरून ओळखत, आज जावई येऊन गेले.

डोंगरावर जायच्या वाटा दोन. एक सोंडेची, म्हणजे उजव्या बाजूच्या धारेवरून फिरत जाणारी. सहा तासांची, कंटाळवाणी, पण पायाखाली पक्का खडक. दुसरी घळीची. दोन कड्यांच्या मधल्या चिंचोळ्या घळीतून सरळ वर, साडेतीन तासांत माथ्यावर. तिथं सगळा घसारा, म्हणजे सुट्या दगडांचा उतार. पूर्वी त्या वाटेनं फक्त कसलेले लोक जात. त्या वर्षी जावयांनी दोन्ही वाटांचा अभ्यास केला, अहवाल लिहिला, आणि बसथांब्याशेजारी हिरवा फलक उभा राहिला. ‘सुरक्षित मार्ग’, आणि खाली पांढरा बाण. बाण घळीकडे.

मावशींनी तो फलक पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांच्या हातातला खिळा वाकडा गेला. पण त्यांना वाटलं, शिकलेला माणूस आहे, काहीतरी बघूनच केलं असेल.

मग जोडे यायला लागले.

पहिला जोडा पाहून मावशी नुसत्या “हं” म्हणाल्या. टाचेची मागची कड कुरतडल्यासारखी फाटलेली, पुढची शिवण उसवलेली. सहाव्या जोड्याला त्यांनी चष्मा पुसला. विसाव्याला त्यांनी यजमानांना हाक मारली.

“अहो, हे बघा. घळीतून चढून जे माथ्यावर पोचतात ते उतरतात सोंडेनं. त्यांची टाच शाबूत असते. घळीतून खाली घसरत आलं तरच टाच अशी फाटते. म्हणजे ही सगळी माणसं अर्ध्यातून परत फिरलेली आहेत.”

“असेल, असेल.”

“असेल काय? वीस माणसं!”

दीड महिन्यात एकेचाळीस झाले. एकाचा हात गळ्यात अडकवलेला होता, त्याचे जोडे त्याची बायको घेऊन आली. एका काटक पोराला मावशींनी विचारलं, “कार्यालयात जाऊन सांगितलंस का, घळ वाईट आहे म्हणून?”

“सांगायचं काय, मावशी? नोंदवही असते ना, त्यात लिहायचं असतं.”

“मग लिहिलंस का?”

“वही माथ्यावर आहे. मी पोचलोच नाही तर लिहिणार कुठं?”

मावशींनी आरी खाली ठेवली. काम अर्धवट टाकून त्यांनी आरी खाली ठेवल्याची त्या दुकानातली ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी त्या कार्यालयात गेल्या. जावयांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला. मावशींनी पदराआड मुठी आवळून सौम्य आवाज काढला. हा आवाज त्यांनी खास जावयांसाठी घडवला होता आणि तो त्यांना नव्या जोड्यासारखा चावत असे.

“जावईबापू, घळीची वाट तेवढी पुन्हा एकदा बघाल का?”

“तसं पाहिलं तर, आई, ती बघूनच ठरवलीय.” जावयांनी कपाटातून माथ्यावरच्या नोंदवहीची प्रत काढली. “एकशे बेचाळीस नोंदी. ‘सुंदर’, ‘अविस्मरणीय’, ‘लवकर पोचलो’. एकही तक्रार नाही. एकही!”

“पण जे पोचलेच नाहीत...”

“त्यांची नोंद नाही ना. नोंद नसलेल्या गोष्टीवर कार्यालय कसं चालणार?” ते प्रेमानं हसले. “आई, तुमचं काम जोड्यांचं, आमचं डोंगराचं. तुम्ही तर कधी वर गेलाही नाहीत. आणि हो, रविवारी बँकेच्या लोकांना नेतोय, सव्वीस जण. तुमची लेकही येतेय. घळीनंच.”

मावशी चहा न पिता उठल्या. घरी येऊन भांडी आपटावीत इतकंही त्राण अंगात नव्हतं, आणि हे पाहून यजमान प्रथमच घाबरले.

“अहो, दोघंतिघं गेले तर दगड सुटतो तो आपला खाली जातो,” मावशी म्हणाल्या. “सव्वीस माणसं एकाखाली एक त्या नळीत शिरली, तर वरच्याच्या पायाखालचा दगड जाणार कुठं? खालच्याच्या डोक्यात. आणि आपली पोर कायम शेवटी चालते. मागं राहिलेल्यांना सांभाळत.”

यजमानांनी तोंड उघडलं. “असेल” एवढंच बाहेर पडलं, दुसरं अडकलं.

“जावई आहे गं तो,” ते पुढं म्हणाले.

“ते दगडाला सांगा.”

रविवारी सकाळी सहाला थांब्याजवळ मंडळी जमली. बँकेच्या लोकांनी डोक्याला सारख्या पिवळ्या टोप्या घातल्या होत्या, त्यामुळं लांबून हिशेबनीस कोण आणि शिपाई कोण ते कळत नव्हतं. जावई फलकापुढं उभे राहून बोलत होते. लेक कडेला पाण्याच्या बाटल्या मोजत होती. मावशी कोपऱ्यातलं पोतं फरफटत रस्ता ओलांडून आल्या.

“जावईबापू, जरा बाजूला येता का? दोन मिनिटं.”

“आई, संध्याकाळी निवांत बोलू.” मग मंडळींकडे वळून ते गमतीनं म्हणाले, “या आमच्या सासूबाई. ज्योतिषी तळहात बघतात, या तळपाय बघून डोंगराचं भविष्य सांगतात!”

पिवळ्या टोप्या खदखदून हसल्या.

चौदा वर्षांचं धरण कशानं फुटावं याचा नेम नसतो.

“हसा!” मावशी कडाडल्या. थांब्याच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. “हसून घ्या दात आहेत तोवर! अहो जावईबापू, तुमचं ‘तसं पाहिलं तर’ ऐकून ऐकून माझ्या कानाला घट्टे पडले! तसं कुठून पाहिलंत? माथ्यावरून! जो वर पोचला तो म्हणणारच वाट छान आहे. लग्नात जेवलेल्यालाच विचारायचं, जेवण पुरलं का म्हणून? परीक्षेत पास झालेल्यालाच विचारायचं, पेपर कसा होता म्हणून?”

त्यांनी पोतं उलटं केलं. दुरुस्तीत काढून ठेवलेल्या फाटक्या टाचा आणि सोल रस्त्यावर धडाधडा पडले.

“ही घ्या दुसरी वही. एकेचाळीस नोंदी. न पोचलेल्यांची. हा वकील, हा दात काढणारा डॉक्टर, ही शाळेतली बाई, आणि हा एक, याचा हात मोडला. यांनी कुठं लिहायचं? घसरताना दगडावर?”

“आई, हे आकडे अधिकृत नाहीत,” जावई पुटपुटले. त्यांचे कान तांबडे झाले होते.

“मोडलेला हात अधिकृत होता! बायकोच्या हाती जोडे पाठवले त्यानं, स्वतःचा हात जागेवर नव्हता म्हणून!”

बँकेच्या रोखपाल बाई, चांगल्या दुहेरी हाडाच्या, पुढं आल्या. त्यांनी वाकून एक टाच उचलली, उलटसुलट केली, मग आपला पाय वर करून आपली टाच बघितली. कंपनी एकच होती. मग त्या रस्त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. सोंडेच्या बाजूला. बँकेत बहुधा त्यांच्याच सहीवर सगळं चालत असावं, कारण मागोमाग साऱ्या टोप्या तिकडं सरकल्या.

लेकीनं नवऱ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

“मी यांना सोंडेनं नेते,” ती नवऱ्याला म्हणाली. “तुम्हीही चला. उगाच ताणू नका.”

“अहवाल माझ्या सहीचा आहे,” जावई म्हणाले. “मी घळीनंच जाणार. एकटा. तुमच्या आधी वर बसलेला दिसेन.”

“जावईबापू, एक पाऊल टाकाल तिकडं तर...” मावशी ओरडल्या. पण रागावलेल्या इस्त्रीला कोण अडवणार? तो ताठ पांढरा सदरा घळीच्या दिशेनं चालू लागला.

पुढचे चार तास मावशी दुकानात बसून होत्या. दारातून दिसणाऱ्या डोंगराकडे बघून त्यांनी त्याला, घळीला, कार्यालयाला, पेन बनवणाऱ्यांना आणि शेवटी स्वतःला शिव्या दिल्या. स्वतःला सर्वांत जास्त. दीड महिन्यापूर्वीच ओरडले असते तर? सौम्य आवाज काढून चहाच्या कपासमोर बसले, लाज वाटायला हवी! दहा वाजता लेकीचा फोन आला. सगळे सोंडेवरच्या अर्ध्या टप्प्यावर, धडधाकट. “हे दिसले का गं कुठं?” तिनं विचारलं. मावशींनी खोटा धीर दिला, “येतील. पाय आहेत त्यांना.” आणि फोन ठेवल्यावर यजमानांना म्हणाल्या, “उठा. दोरी घ्या. चार माणसं गोळा करा.”

यजमान उठले आणि दारातच थबकले.

समोरून जावई येत होते. सदऱ्याचा रंग घळीचा झाला होता. पाटलोणीची मागची बाजू वर कुठंतरी राहिली होती, म्हणून त्यांनी पाठीवरची पिशवी खाली बांधली होती. दोन्ही तळहात सोललेले. जोडे हातात, कारण ते पायात राहण्यासारखे उरले नव्हते.

ते पायरीवर उभे राहिले.

“एक दगड डोक्यावरून गेला,” ते म्हणाले. “एवढा.” त्यांनी हातांनी आकार दाखवला. “मी एकटा होतो, म्हणून...”

मावशींनी जोडे घेतले, हातांना लावायला औषध काढून यजमानांकडे फेकलं, आणि मग जी सुरुवात केली ती थांब्यावरच्या तीन बसगाड्या निघून गेल्या तरी संपली नाही. चौदा वर्षांतलं एकेक निघालं. कुणाच्या पोरीला घेऊन त्या नळीत शिरायला निघाला होतात, इथपासून ते ताटात भाजी का टाकता, इथपर्यंत. जावई खाली मान घालून ऐकत होते. एकदाच त्यांनी विचारलं, “आई, किती वेळ लागेल?”

“जोड्यांना तासभर. तुम्हाला जास्त लागेल. बसा.”

“फलक उद्या बदलतो. तसं... म्हणजे, वरून मंजुरी घेऊन, रंगारी बोलावून...”

“उद्या? दुपारच्या बसनं माणसं उतरतील ती तुमची मंजुरी बघून थांबणार आहेत?” मावशींनी फळीवरचा काळ्या पॉलिशचा सगळ्यांत मोठा डबा आणि ब्रश काढला आणि जावयांच्या हातात आदळला. “आत्ता. तुमच्याच हातानं.”

“अनवाणी?”

“जोडे माझ्याकडे आहेत.”

मार्ग अधिकारी अनवाणी, ढुंगणाला पिशवी बांधून भर रस्ता ओलांडून गेले आणि आपल्याच फलकावरच्या बाणाला काळं फासू लागले. थांब्यावरची माणसं बस सोडून बघत राहिली. यजमान दारात उभे राहून हळूच म्हणाले, “पुरे आता. दमला असेल गं.”

मावशी तिपाईवरून उठल्या आणि रस्ताभर ऐकू जाईल अशा आवाजात गरजल्या,

“जावईबापू! ‘सुरक्षित’ अजून वाचता येतंय!”