हौद उपसायचा राहिला होता

अर्धापूर भागातलं केळीच्या शेडवरचं ते प्रकरण आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते. चोरी किरकोळ होती, पेपरात चार ओळीसुद्धा आल्या नाहीत. पण सगळ्या नोकरीत मला इतकं शिकवून गेलेली दुसरी केस नाही.

सकाळी अकराच्या सुमारास शेडमालकाचा ठाण्यात फोन आला. "साहेब, चोर सापडलाय. घेऊन येऊन राहिलो." अर्ध्या तासात टेम्पोतून दहा बाया उतरल्या. सगळ्या एकाच टोळीतल्या, केळी धुवून खोक्यांत भरणाऱ्या. नऊ जणी एका बाजूला आणि दहावी एकटी. एकीच्या पिशवीतून सोन्याची पोत गेली होती, आणि ती दहावीनंच घेतली असं सगळ्यांचं म्हणणं. दहावी देगलूरकडची, टोळीत नवी, घाबरली की तेलुगूत शिरणारी. महिला शिपायानं तिची झडती घेतली. जेवणाचा डबा आणि कंगवा, एवढंच निघालं.

बाईनं एकदाही मान वर केली नाही. घामानं डबडबली होती. मी मनात म्हटलं, हीच. माणसाचा चेहरा मला वाचता येतो, अशी तेव्हा माझी घमेंड होती.

"पोत कुठं ठेवलीस?" मी दरडावलं.

"म्या न्हाई घेतली, साहेब." मग हळूच म्हणाली, "अक्का काय म्हनली? अक्काबी मला चोर म्हनली का?"

अक्का म्हणजे जिची पोत गेली ती. टोळीत आल्यापासून दोघी एका डब्यात जेवायच्या. कोठडीबद्दल या बाईनं अवाक्षर विचारलं नाही.

बाईमाणसाचा जबाब तिच्या राहत्या घरी घ्यायचा असतो. खरं सांगतो, मला हा नियम कटकटीचा वाटायचा. सगळ्यांना एका बाकावर बसवून तासाभरात उरकलं असतं. पण आमची महिला शिपाई नियमाला पक्की. तिनं देगलूरच्या बाईला घरी सोडलं, स्टेशन डायरीला नोंद केली आणि मला बाकीच्या बायांच्या वस्तीवर चालवत नेलं.

पहिल्या घरी मी विचारलं, "तिला घेताना तुम्ही स्वतः पाहिलं?"

"न्हाई. सगळ्या म्हनून राहिल्या, म्हनून म्याबी हाव म्हनलं."

"आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

बाईनं दाराकडे पाहिलं, आवाज खाली घेतला. "मला इचाराल तर ती तसली न्हाई. माझं लेकरू तापानं फणफणलं तवा माझी खोकी तिनंच भरली. पन बाकीच्या एवढ्या म्हनतात, म्हंजी त्यांनी कायतरी पाहिलं असंल."

दुसऱ्या घरी हेच. तिसऱ्या घरीही हेच. पाचव्या घरी महिला शिपाई लिहिता लिहिता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. प्रत्येकीला वाटत होतं की बाकीच्यांची खात्री आहे, शंका काय ती आपल्यालाच. मुळात एकजण फक्त एवढंच बोलली होती, की नवी बाई पिशव्यांपाशी गेली होती. गेली होती ती पाणी प्यायला.

शेवटचं घर अक्काचं. रडून डोळे सुजले होते.

"पोत पिशवीतच होती ना?"

"चीक लागू नये म्हनून काढली, येवढं आठवतं. पिशवीत टाकली का पदराच्या गाठीला बांधली, आता मलाच समजंना, साहेब. ह्या म्हनल्या पिशवीतून गेली, मंग मलाबी तसंच दिसाया लागलं."

"ती चोर आहे?"

"जीव म्हनतो, न्हाई. पन एकटी बोल्ले तर ह्या मलाच येड्यात काढतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना शेडवर जमवलं. काम बंदच होतं. देगलूरची बाई लांब खांबाला टेकून उभी. जबाब असे चारचौघांत वाचायचे नसतात, हे मला माहीत होतं. पण नावं गाळून मी एकेक वाचला. तिसऱ्या जबाबाला बाया एकमेकींकडे बघू लागल्या. सहाव्याला कुणीतरी हुंदका दिला. नववा संपायच्या आत अक्कानं पदर खोचला. "गाठ सुटून हौदातच पडली असंल. हौद उपसा गं!"

केळी धुवायचा हौद. तिथं वाकून त्या दिवसभर फण्या धुवायच्या. तो उपसून बघावा असं कुणालाच सुचलं नव्हतं, कारण चोर सापडला होता. मलाही सुचलं नव्हतं, आणि मी तर त्याचाच पगार घेत होतो. बादल्या लागल्या. तळाच्या गाळात अक्काचीच बोटं पोतीला लागली.

अक्कानं हात धुतले, डबा उघडला आणि अर्धी भाकरी देगलूरच्या बाईपुढं धरली. तिनं ती घेतली नाही.

"काल एकीनं तरी बोलायचं व्हतं," ती म्हणाली. अक्का तिच्या गळ्यात पडून रडली. बऱ्याच वेळानं बाईनं भाकरी घेतली. मग डोळे पुसून पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, तुमी घरोघरी सगळ्यांना इचारलं. तुमाला सोताला काय वाटलं व्हतं?"

अंगावर वर्दी होती, हाताखालची माणसं बघत होती. थाप मारणं सोपं होतं. नऊ जणींनी निदान शंका तरी मनात ठेवली होती. माझ्याकडे तीही नव्हती.

"मलाही तुम्हीच वाटल्या होतात, बाई," मी म्हणालो. "चुकलो मी."

मग हातातल्या भाकरीचा तुकडा मोडून तिनं माझ्यापुढं केला. "खरं बोल्लात. घ्या."

त्यानंतर प्रत्येक तपासात मी साक्षीदाराला एकट्याला बसवून विचारत आलो, तुला स्वतःला काय वाटतं? पण त्याआधी हाच प्रश्न मी स्वतःला विचारायचो, आणि तेव्हा ती भाकरी हटकून आठवायची.