नांग्या

गेल्या वर्षी माझ्या कपाशीची रोपे उगवताच जमिनीलगत काळी पडून कोलमडली. ओळींत जागोजागी नांग्या, म्हणजे रोपांविना मोकळ्या जागा, पडल्या. शेजारच्या बांधावर थोरल्या चुलत भावाने नांग्या भरायला पिशव्यांत जादा रोपे वाढवली होती. मी मागायला गेलो, तेव्हा तो मजुरांसमोर म्हणाला, "तुन्हा वावरमा कपाशी कमी नि मोकळी जागा जास्त शे, बापू. पोऱ्हे धाडू का क्रिकेट खेळाले?" सगळे हसले. ती रोपे त्याने बांधावर वाळू दिली, मला दिली नाहीत.

मी वर्षभर ते हसू जपले.

आमच्या भावकीत घरचे, सरळ वाणाचे बी राखतात. पाकिटातल्या बियाण्यासारखे त्यावर औषध नसते. यंदा मी हातमोजे घालून, बी किंचित ओलावून, बुरशीनाशकाची पूड टाकून पिंपात फिरवले आणि सावलीत पसरले. भाऊ अंगणात डोकावला. "बीले हळद लावी ऱ्हायना का, बापू? लगीन कव्हय शे?" मी हसलो. औषध उरले होते, पिंपही रिकामे होते. 'तुमचेही बी आणा' एवढे म्हणायला हवे होते. म्हटले नाही. त्याच बियाण्याची रोपे मात्र गरजेपेक्षा कितीतरी जास्त पिशव्यांत वाढवली. पत्नीने कारण विचारले, तेव्हा मी विषय बदलला.

यंदा त्याची रोपे कोलमडली. मी वाट पाहिली. त्याच्या वावरात निंदणीच्या बायका आल्या, त्या दिवशी हातगाडीभर रोपे घेऊन गेलो आणि शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणालो, "दादा, हाई रोपे लई ल्या. मन्हाकडे उरनात." एक बाई पदराआड हसली. त्याची मान खाली गेली. इतके गोड मला बऱ्याच वर्षांत काही लागले नव्हते.

मग त्याने हळूच विचारले, "बीले कोणतं औषध लावेल व्हतं, बापू?"

दुकानात कोणीही सांगितले असते. पण त्याने मला विचारले. नाव मला तोंडपाठ होते. "पुडीवर पाही सांगस," मी म्हणालो.

"बरं," म्हणून तो रोपे लावायला खाली बसला.

आता बोंडे धरली आहेत. बांधावर आम्ही रोज भेटतो. त्याने पुन्हा विचारलेले नाही आणि मी सांगितलेले नाही. नाव सांगितले, तर पुढच्या वर्षी त्याच्याही ओळी भरगच्च उभ्या राहतील, हे मला अजून सोसत नाही.