माळ्यावरची विहीर

मंडळी, आज खेळण्यातल्या आगगाडीवरून आमच्याकडे भाऊबंदकी पेटणार होती.

पन्नास सालच्या सुमाराचं विरार स्टेशन आणि आगाशीची आमची वाडी माळ्यावर मांडायची आहे, म्हणून खडूने रूळ, दोन्ही वाड्यांमधली हद्द आणि विहीर आखत होतो. तेवढ्यात शेजारच्या वाडीतला चुलतभाऊ शिडी चढून आला. रुळांकडे त्याने पाहिलंही नाही.

“सामाईक विहीर तुझ्या बाजूला कशी?”

“दादा, खेळ आहे हा.”

“वाटणी तोंडावर आल्यावर बरा सुचला खेळ. वकिलाने आखायला सांगितलं का?”

मला हसू आलं. संशयालाही काही सीमा असते.

“खेळच ना?” तो म्हणाला. “मग विहीर आमच्याकडे सरकव.”

खडू हातातच होता. हात मात्र हलेना.

तुम्ही सरकवली असती का?