मुरमावर कोण पडलं?

कुसुमचा फोन आला तेव्हा मी दुधाला उकळी येण्याची वाट बघत उभी होते. कुसुम म्हणजे माझी धाकटी जाऊ. "आक्का, हे गेलं वो," एवढंच ती म्हणाली, आणि इकडे दूध उतू गेलं. हिंदुराव भाऊजी पंचाहत्तरीला आले होते, दोन वर्षं दम्यानं बेजार होते, म्हणजे ही बातमी कधीतरी येणारच होती. तरी माणूस तयार नसतो तो नसतोच. दहाव्याला सगळे जमले, रडून झालं आणि आठवणी निघाल्या. पहिली कोणती निघणार ते मला ठाऊक होतं. "गडी लय भारी, पर मुरमावर एकदा असा काय पडला…" कुणीतरी सुरुवात केली आणि डोळे पुसता पुसता माणसं हसली. कुसुमही हसली. मी खाली मान घालून बसले. ती गोष्ट पन्नास वर्षं मी पदराखाली झाकून ठेवली आहे. आज काढते.

माझं माहेर म्हसवडचं. आमच्याकडे द्राक्षं आजारी माणसासाठी कागदाच्या पुडीतून यायची, तीही मोजकी. लग्न होऊन तासगावकडे आले आणि बघते तो मांडवावर घडच्या घड लोंबतायत. साताऱ्याला डी.एड. करून आलेली मी, नवरा फौजेत दूर कुठेतरी सरहद्दीवर, आणि घरात मामंजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, शब्द शेवटचा. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि त्यानंतरच्या साली मला नोकरीची ऑर्डर आली. शाळा सहा मैलांवरच्या एका वाडीत. तिकडे एसटी जात नव्हती. एक रस्ता तेवढा होता, दुष्काळी कामावर आमच्याच गावच्या बायामाणसांनी खडी फोडून, मुरूम पसरून केलेला. पुढे पाऊस झाला, माणसं शेतात परतली आणि त्या रस्त्यावर डांबर पडायचं राहून गेलं. दोन्ही अंगांना द्राक्षबागा, मध्ये तांबूस मुरूम, आणि वाटेवर चिटपाखरू नाही. मोटारीचं तर नाव नको. बैलगाड्यासुद्धा जवळची म्हणून ओढ्याची वाट धरायच्या.

"वैनीला सायकल मी शिकवतो," भाऊजी जेवता जेवता म्हणाले. मामंजींचा घास हातातच राहिला. बायकांनी सायकलवर बसणं आमच्या गावात तोवर कुणी पाहिलं नव्हतं. मामंजी वाईट नव्हते, पण लोक काय म्हणतील याचा त्यांना फार धाक. दोन दिवस विचार करून त्यांनी निकाल दिला. "शिकीव. पर सून पडली असं एकदा जरी माझ्या कानावर आलं, तर सायकल बंद आन नोकरीबी बंद. माझ्या सुनंला रस्त्यात उचलायला परकी माणसं नगंत." मला ती नोकरी किती हवी होती ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. साताऱ्यात दोन वर्षं मला सगळे नावानं हाक मारायचे. इथे मी नुसती थोरली सून होते. त्या वाडीत तीस पोरं मला 'बाई' म्हणणार होती, आणि त्या एका शब्दासाठी मी सायकलच काय, रेड्यावरसुद्धा बसले असते.

भाऊजी छाटणीचे कारागीर. वेलीवर कोंब फुटायचा कुठला डोळा राखायचा, कुठल्यावर कात्री चालवायची, हे त्यांना बघताक्षणी कळायचं. कात्री पिशवीत टाकून ते या बागेतून त्या बागेत सायकलनंच जायचे आणि शक्य तोवर डांबरी सडकेला शिवायचे नाहीत. "डांबरावर मागनं कोण येतंय त्येच्यावरच ध्यान," म्हणायचे, "मुरमावर कसं, आपण आन आपलं चाक." माझ्यासाठी त्यांनी दांडी नसलेली एक जुनी सायकल मिळवली आणि उजाडायला आम्ही त्या रस्त्यावर जाऊ लागलो. पहिले आठ दिवस कॅरिअर धरून ते मागनं पळाले. नववा दिवस उजाडला तसं त्यांनी हँडलला एक बुट्टी, म्हणजे छोटी टोपली, बांधली, तिच्यात लिंबाचा पाला अंथरला आणि वर द्राक्षाचे दोन घड ठेवले. "चालवा आता. त्या टोकाला जाऊन या. किती मणी गळत्यात बघू." पिकलेला मणी फार नाजूक. धसमुसळेपणा झाला की देठातून सुटलाच. परत आले तर बुट्टीत घडांपेक्षा सुटे मणीच जास्त होते. "तुमी हँडल आवळताय, वैनी. मुरमावर चाकाला त्येची वाट घिऊ द्यायची. हात नुसता संगट ठेवायचा, म्हाताऱ्या माणसाला धरल्यागत." रोज परतल्यावर ते बुट्टीत बघून आकडा सांगायचे आणि गळलेले मणी आम्ही दोघं तिथंच बांधावर बसून खायचो. चाळीस. बावीस. अकरा. मग एकदा दोन. होळी झाल्यावर मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी आकडा होता शून्य, आणि भाऊजी लटक्या रागानं म्हणाले, "आता मी खाऊ काय?"

तो रस्ता मला अजून पाठ आहे. सकाळच्या शाळेला निघायचं तर सूर्य बागांच्या मागे असायचा, चाकाखाली मुरूम कुरकुरायचा, आणि सहा मैलांत एकही माणूस मला सून म्हणून बघत नसायचा. इतकं हलकं मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलं आहे.

आणि मग मी पडले. नोकरीचा दुसरा आठवडा. शाळा सुटून परत येत होते, ऊन चढलेलं, रस्त्याला लागून असलेली आमचीच बाग दिसली आणि बागेच्या कडेला मामंजी उभे! तोच खाकी कोट, तोच पटका. सासरा समोर आणि सुनेचा पदर खांद्यावर! माझा हात आपोआप हँडलवरून सुटला आणि पदराकडे गेला. पुढचं चाक वळलं, आणि मी, सायकल, बुट्टी, शाळेची हजेरी, सगळं मुरमावर. गुडघा फुटला. डोक्यावर पदर मात्र आला होता! उठून बघते तर मामंजी जागचे हललेले नाहीत. हलणार कसे? ते बुजगावणं होतं. पाखरं घडांवर बसू नयेत म्हणून त्याच सकाळी मी शाळेला गेल्यावर उभं केलेलं, मामंजींचा जुना कोट चढवून.

बागेतून भाऊजी धावत आले. मी रडत होते, गुडघ्यासाठी नव्हे. "गेली नोकरी, भाऊजी… गेली." त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सायकलच्या वाकलेल्या हँडलकडे, मग त्या बुजगावण्याकडे. "कोट म्या घातला त्येला," ते सावकाश म्हणाले. "म्हंजी पाडलं बी म्याच." मग त्यांनी एक अजब काम केलं. बांधावरचा बाभळीचा काटा मोडून घेतला, स्वतःच्या चांगल्या सायकलच्या टायरमध्ये खुपसला आणि हवा जाईपर्यंत शांतपणे ऐकत उभे राहिले. "माझी पंक्चर, म्हणून तुमची घेतली. तुमी चालत आला. ध्यानात ठेवा." स्वतःच्या धडधाकट गुडघ्याला फडकं गुंडाळून, वाकड्या हँडलची बायकी सायकल मारत ते भर गावातून घरी गेले आणि मामंजींपुढे लंगडत उभे राहिले. आठ दिवस लंगडले. चुलीशी मी माझ्या गुडघ्याला लपून हळद लावायची आणि बाहेरच्या सोप्यात ते सगळ्यांदेखत लावून घ्यायचे.

गाव काय सोडतंय? "काय हिंदुराव, मुरूम कसा लागला रं, गोड का खारट?" पारावर बसलेले लोक वर्षानुवर्षं विचारायचे. "थोरली वैनी पडंना आन ह्यो शिकवणारा पडला!" भाऊजी त्यांच्यात मिळून हसायचे. पण नुसत्या हसण्यावर भागलं नाही. त्या ऑक्टोबरला एका मोठ्या बागायतदारानं छाटणीला दुसरा माणूस बोलावला. ज्याचा हँडलवर हात ठरत नाही त्याचा कात्रीवर काय ठरणार, म्हणाला. कात्रीवरच ज्याची पत, त्या माणसानं हे ऐकून घेतलं. मी म्हटलं, भाऊजी, आता मी खरं सांगते. ते म्हणाले, "आमच्या हुणाऱ्या कारभारणीला बघायला जायचंय पुढल्या महिन्यात, घरात वादळ नगं, तवा गप ऱ्हावा. आन बाग काय, दुसरी मिळंल. वाडीला दुसरी बाई कुठनं आणू?" मी गप्प राहिले. पुढे एकतीस वर्षं शिकवलं. मामंजी गेले, माझा नवरा गेला, तरी मी गप्पच. आधी भीती होती, नंतर लाज, आणि शेवटी शेवटी नुसती सवय. माझा हा दोष मी सरळ कबूल करते.

परवा कुसुमकडे गेले होते. सोप्याच्या मागे ती सायकल अजून आहे, हँडल थोडं डावीकडे वळलेलं. माझ्या निवृत्तीनंतर भाऊजींनीच ती मागून नेली होती आणि अखेरपर्यंत तिला तेलपाणी करत होते. तिच्यावर हात ठेवला आणि मला राहवेना. "कुसुम, त्या दिवशी भाऊजी पडलेच नव्हते. मी पडले होते."

ती पाटीतले घड निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठावं हाय की. आवं आक्का, पन्नास वर्सं त्येंच्या पायाला मी तेल लावलं. गुडघ्याला एक खूण न्हाई. आन तुमची खूण मी न्हाणीत कवाच बघितली."

"मग दहाव्याला हसलीस का?"

"त्येंनी जलमभर संभाळलं, ते मी एका दिसात मोडू व्हय?" मग तिनं माझ्याकडे बघितलं. "आता सांगा तुमी समद्यास्नी. मामंजी न्हाईत, हे न्हाईत. आता कोण तुमची नोकरी काढून घेतंय?"

निघताना तिनं सायकल माझ्या हाती दिली आणि हँडलला बुट्टी बांधून तिच्यात दोन घड ठेवले. तो रस्ता आता डांबरी आहे आणि माझे गुडघे चालवण्याजोगे राहिलेले नाहीत. मैलभर सायकल हाती धरून चालत आले, हात नुसता संगट ठेवून. घरी येऊन बुट्टीत पाहिलं. ऐकायला कुणी नव्हतं, तरी मोठ्यानं म्हटलं, "दोन." आणि ते दोन मणी पायरीवर बसून खाल्ले, एक माझा आणि एक त्यांचा.