बसलेला आवाज

तिला घरात सगळे पिपाणी म्हणत. आवाजच तसा, टोकदार आणि लख्ख. स्वयंपाकघरातून हाक मारली तर जिन्यावरचा माणूस दचकायचा. आई गेल्यावर मावशीनं तिला वाढवलं. मावशी शाळेत गाणं शिकवायची. दहा वर्षं खपून तिनं पिपाणीचा आवाज तासून तासून सरळ केला होता.

बाविसाव्या वर्षी पिपाणी टायरच्या दुकानात फोन घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी जाहिरातींत गायची. फरशी पुसायचं औषध, उंदरांचा सापळा, मिळेल ते. तिथंच एका संगीतकारानं तिला हेरलं आणि स्वतःची चाल दिली. रेकॉर्डिंगच्या दिवशी नेमकी ती तापानं फणफणली. स्टुडिओ आधीच ठरलेला, वादक बसलेले. गायला तोंड उघडलं तर फाटक्या गोणपाटासारखा आवाज निघाला.

"बरी झालीस की पुन्हा घेऊ," संगीतकार म्हणाला.

घेतलंच नाही. गाणं तसंच बाहेर पडलं आणि महिन्याभरात जो तो तेच गुणगुणू लागला. केस कापायच्या दुकानात तेच, व्यायामशाळेत तेच. टायरवाल्या मालकानं तर तिला खुर्चीवरून उठवून गिऱ्हाइकांसमोर मिरवलं. तिनं नोकरी सोडली.

पहिल्या जाहीर कार्यक्रमाला ती ठणठणीत होती. मावशी पुढच्याच रांगेत. पिपाणीनं मावशीनं घडवलेल्या आवाजात गाणं उचललं, आणि दोन ओळी होतात न होतात तोच मागून ओरडा झाला, "ही ती नाहीच! खरीला बोलवा!"

पडद्यामागे संगीतकारानं तिची समजूत काढली. "लोकांना तुझा बसलेला आवाज आवडलाय. मग बसव की. त्यात काय एवढं?"

ती शिकली बसवायला. कार्यक्रमाआधी तासभर उशीत तोंड खुपसून किंचाळायची. एकदा मावशीनं ते दारातून पाहिलं.

"दहा वर्षं मी काय माशा मारत होते का गं?"

"मावशी, तुझ्या आवाजावर लोक ओरडले. याला टाळ्या पडतात."



दीड वर्षात तिला साधं बोलणंही जड जाऊ लागलं. डॉक्टरांनी घशात नळी घालून आतल्या गाठी दाखवल्या. "सहा महिने तोंड बंद." दौरा तोंडावर आलेला. संगीतकार तीन आठवडे थांबला आणि मग खरखरीत घशाची दुसरी मुलगी घेऊन निघून गेला. पिपाणीचं गाणं ती गायली. कुणी हूं की चूं केलं नाही.

गाठी काढल्या, पण आवाज म्हणून उरली ती फुसफुस. आता ती मावशीकडे शिकवणीला येणाऱ्या मुलींसाठी हातानं ताल धरते. एका दुपारी एक बाई आठ-नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन आली.

"हिचा आवाज फार स्वच्छ आहे हो. तुमच्या त्या गाण्यातल्यासारखा बसवून द्याल?"

पिपाणी ताडकन उठली. "चालत्या व्हा!" म्हणून ती ओरडली, पण बाहेर पडली नुसती घरघर.

बाईनं कौतुकानं लेकीला कोपरानं ढोसलं. "ऐकलंस? अस्सा हवा."

मावशीनं आतून येऊन दोघींना दार दाखवलं. जिना उतरून रस्त्यावर पोचेपर्यंत ती पोरगी खाकरून खाकरून तसा आवाज काढून बघत होती.