तीन टक्क्यांची माफी

आमच्या संस्थानात कॉलेज नव्हतं, पण कॉलेजला जाणाऱ्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती होती. ती आजवर कुणालाच मिळालेली नव्हती, आणि दरबाराला याचाच अभिमान होता. मॅट्रिकला शेकडा साठ गुण हवेत, असा नियम. साठच का, याचं कारण शिक्षणात शोधून सापडलं नसतं. शेजारच्या संस्थानाने पंचावन्न ठेवल्याचं कळल्यावर आमच्या कारभाऱ्यांनी साठ केले. मग दरवर्षीच्या अहवालात ते लिहीत, की संस्थानचा शैक्षणिक दर्जा इतका उच्च आहे, की अद्याप एकही विद्यार्थी तेथवर पोचू शकलेला नाही. हा अहवाल गुळगुळीत कागदावर छापला जाई. शाळेला मात्र खडूच्या पेटीसाठी अर्ज करून महिनाभर थांबावं लागे.

संस्थान म्हणजे साताऱ्याच्या पूर्वेकडची, पावसाने टाकलेली काही गावं, एक न्यायकचेरी, एक तुरुंग आणि एक तोफ. तोफ राजेसाहेबांच्या वाढदिवसाला उडे. एरवी तिच्या सावलीत कोंबड्या बसत.

लढाई संपत आली त्या साली मी मॅट्रिकला बसलो. वडील पलटणीबरोबर ब्रह्मदेशात होते, त्यामुळे घरात शब्द चाले तो विट्याच्या मामांचा. मामांचं मद्रासला गलाईचं दुकान होतं. मोडीचं सोनं भट्टीत गाळून शुद्ध करून द्यायचं, हा धंदा. ते उन्हाळ्यात आले की आईला सांगत, पोरगं दे माझ्याबरोबर, भात्यावर बसवतो, पाच वर्षांत माणूस करतो. मला माणूस व्हायचं नव्हतं असं नाही. पण सांगलीच्या कॉलेजात होऊन बघावं असं वाटत होतं. शेवटी मामांनीच तोड काढली. राजाने खर्च दिला तर सांगली, नाही दिला तर मद्रास. त्यांनी मिरजेहून सुटणाऱ्या गाडीची चौकशीही करून ठेवली.

निकाल लागला. मला शेकडा सत्तावन्न पडले. भूमितीने दगा दिला होता, पण शाळेच्या इतिहासात इतके गुण कुणाला मिळाले नव्हते. हेडमास्तर पगडी घालून मला कारभाऱ्यांकडे घेऊन गेले. त्यांनी पुष्कळ समजावलं. मुलगा हुशार आहे, दर्जाच्या इतक्या जवळ आजवर कुणी आलेलं नाही. कारभारी हे ऐकून खूश झाले. म्हणाले, जवळ येऊनही कुणी पोचत नाही, याचा अर्थ दर्जा अगदी योग्य जागी ठेवलेला आहे.

मद्रासची गाडी मला तिथेच ऐकू येऊ लागली.

त्या वेळी शिरस्तेदार वाढदिवसाचे कागद घेऊन सहीसाठी उभे होते. आमच्याकडे वाढदिवसाला सूट देण्याची रीत होती. चांगलं वागलेल्या कैद्यांची शिक्षा दोन-तीन महिने कमी होई, एखाद्या गावाचा शेतसारा माफ होई. यंदा दुष्काळही नव्हता आणि गुन्हेही नव्हते, त्यामुळे यादी फार आखूड झाली होती. पाहुणे बोलावलेले, मांडव घातलेला, आणि माफ करायला पुरेशी माणसं नाहीत, या चिंतेत शिरस्तेदार होते. त्यांनी मास्तरांना विचारलं, किती कमी पडतात? मास्तर म्हणाले, तीन. शिरस्तेदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं वधूपिता न मागता आलेल्या स्थळाकडे पाहतो.

"साहेब," ते कारभाऱ्यांना म्हणाले, "दर्जा साठच राहू द्या. कमी पडलेले तीन सरकारांनी माफ करावेत. मेंढरं चोरणाऱ्याला आपण तीन महिने माफ करतोच आहोत."

कारभाऱ्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांना त्यातलं सौंदर्य दिसलेलं होतं. दर्जाला धक्का नाही, आणि राजाच्या औदार्यात एका कलमाची भर.

आता सूट म्हटली की तिचे सगळे सोपस्कार आले. यादीतल्या प्रत्येकाची बंदिवासातील वर्तणूक चांगली होती, असा दाखला लागे. तुरुंगाच्या नाईकाने आपल्या माणसांचा दिला; माझा हेडमास्तरांना द्यावा लागला. "सात वर्षे माझ्या ताब्यात होता," असं त्यांनी लिहून दिलं, आणि ते खोटंही नव्हतं.

वाढदिवसाला आम्हाला मांडवात एका ओळीत उभं केलं. माझ्यापुढे मेंढरं चोरणारा होता. मिशा कातरलेल्या, धुतलेला सदरा, माझ्यापेक्षा कितीतरी रुबाबदार दिसत होता. तोफेचा पहिला बार फुसका गेला, दुसरा भरेपर्यंत सगळे ताटकळले. तेवढ्यात त्याने मागे वळून हळूच विचारलं,

"कशात घावलास रं?"

"भूमितीत."

त्याने थोडा विचार केला. "कुनाच्या?"

मी म्हटलं, भूमिती म्हणजे शाळेतला विषय, त्रिकोण वगैरे असतात. त्याने कातरलेल्या मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "लय वंगाळ. मेंढरं तरी दिसत्यात."

बार उडाला. राजेसाहेब ओळीपुढून चालू लागले. स्वभावाने ते भले गृहस्थ होते. यादी वाचण्याचा त्रास घेत नसत, पण प्रत्येकाची विचारपूस करत. काय केलंस, असं विचारायचं, त्याने सांगायचं, मग मुजरा करून म्हणायचं, की पुन्हा असा अपराध हातून घडणार नाही. पुढच्याने मेंढरं कबूल केली आणि तो मोकळा झाला. राजेसाहेब माझ्यासमोर आले.

"काय केलंस?"

"सत्तावन्न टक्के, महाराज."

राजेसाहेबांनी क्षणभर माझा चेहरा न्याहाळला. वय कोवळं दिसलं असावं.

"पुन्हा करू नकोस," ते म्हणाले.

मी मुजरा केला आणि शपथ घेतली. कारभाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, पाहुण्यांनीही वाजवल्या. मामा मांडवाच्या कडेला पिशवी घेऊन उभे होते. माझ्यासाठी मद्रासला लागेल अशी एक जास्तीची चादर त्यांनी पिशवीत भरलेली मला दिसत होती. ते माझ्याजवळ आले.

"आमी सोन्यात येवढी खोट दिली तर गिऱ्हाईक तोंडावर मारंल," ते म्हणाले. "हितं राजा मुजरा घिऊन सोडतोय. तू हाच धंदा कर गड्या, ह्यो बरा हाय."

चादर मात्र त्यांनी मला दिली. सांगलीच्या वसतिगृहात ती पुढे तीन वर्षं पुरली.

शपथ मी पाळली. दरवर्षी साठ हवेत, आणि एकदा सूट घेतलेल्याला पुन्हा सूट नाही, असं शिरस्तेदारांनी बजावून ठेवलं होतं. मी कधी साठ मिळवले, कधी बासष्ट. त्याहून वर जाण्याचा मोह मला झाला नाही.

शेवटचं वर्ष उरलं, आणि संस्थान विलीन झालं. तोफ गेली, कारभारी गेले, अहवाल गेला. कारभार ताब्यात घ्यायला एक तरुण साहेब आले, खादीतले. चालू शिष्यवृत्त्या त्यांच्या मर्जीवर होत्या. राजेशाहीतला दर्जा साठ होता, हे कळल्यावर त्यांनी लोकशाहीत पासष्ट केला. माझे बासष्ट होते.

मी त्यांच्यापुढे उभा राहिलो तेव्हा ते माझे जुने कागद चाळत होते. चाळता चाळता बंदिवासातील वर्तणुकीच्या दाखल्यापाशी थांबले, आणि उठून उभे राहिले.

"तुम्ही तुरुंगात होतात?" त्यांनी आदराने विचारलं. "बसा ना. चळवळीत भाग घेतलेल्यांना आम्ही गुणांची अट लावत नाही. नुसतं पास असलं की झालं."

त्या दिवसांत आमच्या भागात चळवळीत नव्हतो असं सांगणारा माणूस मिळणं कठीण होतं. मी खुर्चीत बसलो. खुर्ची चांगली होती, वेताची. साहेबांनी कौतुकाने पुढे विचारलं,

"कशात पकडलं होतं तुम्हाला?"

एक शब्द खोटा बोललो असतो तर शेवटच्या वर्षाचा खर्च निघाला असता. पण तो प्रश्न मी याआधी ऐकला होता, आणि तोंडून जुनंच उत्तर गेलं.

"भूमितीत," मी म्हटलं.

मग सगळंच सांगावं लागलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी कागद मिटला, आणि मी खुर्चीतून उठलो. नियम सर्वांना सारखा, असं ते म्हणाले. हे मात्र संस्थानात कुणी म्हटलेलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मामा औंधला यमाईच्या दर्शनाला आले होते. देवळाच्या पायऱ्या उतरताना मी त्यांना हकिकत सांगितली.

"किती कमी पडलं?"

"तीन."

"परत तीनच?" मामा पायरीवर बसले. डोकं पुसलं, टोपी घातली. मग म्हणाले, शेवटचं वर्ष आहे, सांगलीचा खर्च दुकानातून येईल, भात्यावर बसायला दुसरं कुणीतरी मिळतंच. एवढं बोलून ते उठले, सदरा खाली ओढला, छाती काढली आणि माझ्याकडे खालून वर पाहिलं.

"पुन्हा करू नकोस," ते राजेसाहेबांच्या शुद्ध मराठीत म्हणाले.

मी पायरीवरच मुजरा केला.