लाखांचा डबा

ती तक्रार मी अजून विसरलेलो नाही. विसरता आली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा मी डहाणूला फौजदार होतो. एका चिकू बागायतदाराच्या वडिलांनी फार वर्षांपूर्वी परदेशातून आणलेला कॉम्प्युटर माळ्यावरून नाहीसा झाला होता. तसलाच जुना नग तिकडे लिलावात कित्येक लाखांना गेल्याची बातमी या बागायतदार शेठनी मोबाइलवर वाचली, तेव्हा कुठे घराला त्या डब्याची आठवण झाली. संशय घरकामाच्या बाईवर. सरावलीच्या पाड्यावरची ती बाई बारा वर्षं त्यांच्या घराची किल्ली कमरेला लावून वावरत होती. "किल्ली तिच्याकडे, मग दुसरं कोण?" शेठ म्हणाले. मलाही पटलं. घटनास्थळाचा पंचनामा करून गुन्हा नोंदवला.

तिसऱ्या दिवशी आशागडच्या भंगारवाल्याने आमच्या हवालदाराला खबर दिली, "तिच्या घरात टीव्हीसारखा डबा हाय. दोनशे देत होतो, बाईने नाय दिला." चोर मिळेल त्या भावात माल विकून मोकळा होतो, हे शिकाऊ शिपायालाही कळतं. माझ्या डोक्यात ते शिरलं नाही. मी तिला ठाण्यात आणून बसवलं.

महिला शिपायासमोर दोन तास विचारपूस केली. "मी चोरला नाय, साहेब." मग दिला कोणी, म्हटलं की मान खाली. मी आवाज चढवला, त्याची आजही लाज वाटते. तिने कमरेची किल्ली मुठीत घट्ट धरली.

दुपारी तिला आणि दोन पंचांना घेऊन पाड्यावर गेलो. पडवीत डबा होता. काच नाही, यंत्र नाही, आत कोंबडी अंड्यांवर बसलेली. बाई पहिल्यांदाच आपणहून बोलली, "साहेब, आज नका उठवू तिला. दोन दिसांत पिलां निघतील."

कोंबडीखाली छोटी गादी होती, कडेला लाल दोऱ्याची टीप. तशीच, शेठच्या आईंनी शिवलेली गादी मी त्यांच्या झोपाळ्यावर पाहिली होती. चोराला मालासोबत गादी शिवून कोण देतं?

तडक शेठच्या आईंना गाठलं. "मीच दिला, दिवाळीच्या साफसफाईत," त्या म्हणाल्या. "आतलं खाऱ्या हवेनं गंजलं होतं, ते फेकलं. मुलगा काही टाकू देत नाही, म्हणून तिला म्हटलं, कुणाला बोलू नकोस."

"आजी, ती सकाळपासून आमच्या ताब्यात आहे. तुम्ही का नाही बोललात?"

"मला वाटलं, ती सांगेल." त्या पदराने डोळे पुसत राहिल्या.

गैरसमजातून झालेली तक्रार म्हणून प्रकरण बंद करायची 'सी' समरी कोर्टात पाठवली. बाईला ठाण्यात बोलावून तसं सांगितलं, तेव्हा शेठही ओशाळून तिथे आले. "झालं गेलं विसर. उद्यापासून ये," ते तिला म्हणाले.

तिने कमरेची किल्ली सोडली. शेठच्या हातात दिली नाही, माझ्या टेबलावर ठेवली.

"साहेब, ही परत केली असं लिहा."

मी लिहिलं, शेठची सही घेतली आणि तिला वाचून दाखवलं. मग ती पाड्याकडे चालती झाली.

पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला मी हे सांगत आलो. ती किल्ली पुरावा होतीच, बारा वर्षांच्या इमानाचा. मी तो उलटा वाचला.